जगातले धर्म आणि मिथकं शिकायला गेले त्याची गोष्ट, फॉर्मपासून व्हायव्हापर्यंत

रिझल्ट लागून तीन आठवडे झाले, आता जरा डोकं ताळ्यावर आलंय म्हणून लिहायला बसलेय. मी नोकरी सांभाळून धर्म आणि मिथकांच्या तौलनिक अभ्यासाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स केला हे ज्यांना ज्यांना कळलं त्यांनी दोनच प्रश्न विचारले, एक म्हणजे याचा उपयोग काय आणि दुसरा म्हणजे अ‍ॅडमिशन कशी मिळते. पहिल्याचं उत्तर माझ्याकडे अजून धड नाही. दुसऱ्याचं आहे, आणि मी शोधत होते तेव्हा कोणी असं सविस्तर लिहिलेलं सापडलं नव्हतं, म्हणून हा खटाटोप. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पुढे थोडी रडगाणी आहेत.

मी मूळची कॉमर्सची. सोळा वर्षं अकाउंट्समध्ये गेली, म्हणजे दोन्ही बाजूंची बेरीज जुळल्याशिवाय रात्री झोप लागत नाही अशी जात. वाचनाची आवड होती, त्यात दैवतकथा जास्त. पण आवड वेगळी आणि सेमिस्टर वेगळी, हे नंतर कळलं.

२०२२ च्या मे महिन्यात माहितीपत्रक डाउनलोड केलं. त्यात पात्रतेत लिहिलेलं, "कोणत्याही शाखेची पदवी", आणि दोन पानं पुढे बारीक अक्षरात "मानव्यशाखेला प्राधान्य". आता प्राधान्य म्हणजे आम्हाला घेणार का नाही? फोन केला तर एक बाई म्हणाल्या चालेल, दोन दिवसांनी दुसऱ्या कामासाठी केला तर एक गृहस्थ म्हणाले नाही चालणार. शेवटी ईमेल टाकला आणि नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, "पात्र आहात". ते उत्तर मी प्रिंट काढून ठेवलं आणि पुढे खरोखर उपयोगी पडलं, कारण कागदपत्रं तपासताना खिडकीवरच्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा काढला. तेव्हा पहिली टीप हीच, फोनवरचं काही धरू नका, लेखी घ्या.

कागदपत्रांमध्ये माझी अडचण नावाची झाली. पदवीवर लग्नाआधीचं नाव, ओळखपत्रावर आताचं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, मग त्याची साक्षांकित प्रत, मग कळलं की पदवीच्या तिन्ही वर्षांची गुणपत्रकं पाहिजेत, फक्त शेवटच्या वर्षाचं चालणार नाही. दुसऱ्या वर्षाचं गुणपत्रक मला माळ्यावरच्या एका बॅगेत सापडलं, तेही अर्धं कुरतडलेलं. डुप्लिकेट काढायला चार आठवडे. फॉर्मची शेवटची तारीख ३० जून होती आणि डुप्लिकेट आलं २७ ला.

शिवाय पाचशे शब्दांत "हा विषय का शिकायचा आहे" ते लिहून द्यायचं होतं. मी काय लिहिलं ते सांगायला आज लाज वाटते. पहिलंच वाक्य होतं, "सर्व धर्म शेवटी एकच गोष्ट सांगतात." मला वाटलं किती उदात्त वाक्य आहे, कोण नाही म्हणणार. घेतलं त्यांनी मला, सहा आठवड्यांनी यादीत नाव आलं. पण पहिल्याच तासाला सर वर्गात येऊन म्हणाले की यंदाच्या अर्जांपैकी निम्म्यांमध्ये एक वाक्य सारखंच होतं, आणि दोन वर्षांनी ते वाक्य तुम्ही पुन्हा लिहू शकलात तर आम्ही काहीच शिकवलं नाही असं समजा. मी वहीत खाली मान घालून तारीख लिहीत बसले.

वर्ग शनिवार-रविवारी असायचे, महिन्यातून दोनदा, बाकी सगळं ऑनलाइन आणि स्वतःचं स्वतः. आम्ही अठरा जण होतो. एक निवृत्त बँक अधिकारी, एक पाद्री होण्याचं शिक्षण घेणारा मुलगा, दोन शिक्षिका, एक कट्टर नास्तिक जो प्रत्येक तासाला हात वर करायचा, आणि बरेचसे नुकतेच पदवीधर झालेले. फी चार हप्त्यांत होती, ते सोयीचं होतं. पण पुस्तकांचा खर्च कोणी सांगत नाही. पहिल्या सेमिस्टरला उत्साहाच्या भरात मी वाचनयादीतलं दिसेल ते विकत घेतलं आणि त्या सेमिस्टरच्या फीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढे पैसे त्यात गेले. त्यातली निम्मी पुस्तकं मी कधी उघडलीच नाहीत. असं करू नका. माक्स म्युलरच्या संपादनाखाली पूर्वेकडच्या धर्मग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांचे जे ५० खंड १८७९ ते १९१० मध्ये निघाले ते कॉपीराइटमधून मोकळे झालेत, नेटवर फुकट वाचता येतात. भाषा जुनाट आहे आणि भाषांतरांवर काळाचा रंगही चढलेला आहे, त्यामुळे संदर्भ हुडकायला ते वापरायचं आणि उतारा घ्यायचा असेल तर लायब्ररीतलं नवीन भाषांतर बघायचं, हे मी तिसऱ्या सेमिस्टरला शिकले.

तर पहिली सेमिस्टर. मी आल्या आल्या माझ्या सवयीप्रमाणे एक एक्सेल शीट बनवली. उभ्या रांगेत धर्म, आडव्या रांगेत संस्थापक, ग्रंथ, देव, प्रार्थनास्थळ, मेल्यावर काय. म्हटलं दोन वर्षांत ही भरली की झालं, परीक्षेच्या आदल्या रात्री नुसती नजर टाकायची. पंधरा दिवसांत त्या शीटची वाट लागली. संस्थापकाच्या कॉलममध्ये हिंदू धर्मासमोर काय लिहू? जपानच्या शिंतो धर्मासमोर काय लिहू? देवाच्या कॉलममध्ये जैन आणि बौद्धांसमोर "नाही" लिहिलं तर ते अर्धवट, कारण जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत म्हणजे देवलोक, देव यांचा उल्लेखच नाही असं नव्हे. ग्रंथाच्या कॉलमला तर मी शेवटी हात जोडले. बायबल म्हणाल तर प्रोटेस्टंटांचं ६६ पुस्तकांचं, कॅथलिकांचं ७३ पुस्तकांचं. कुराण ११४ सूरांचं म्हणजे अध्यायांचं हे ठरलेलं, पण तिथे परंपरेने अरबी मूळ तेच कुराण, भाषांतर म्हणजे फक्त अर्थ सांगणं, मग मी वाचलं ते नक्की काय वाचलं? ताओ ते चिंग या चीनमधल्या ताओ परंपरेच्या ग्रंथाचे ८१ अध्याय असं लिहून मी निश्चिंत झाले तर कळलं की १९७३ साली चीनमध्ये मावांगद्वेच्या थडग्यात रेशमी कापडावरच्या ज्या प्रती सापडल्या त्यात पुस्तकाचे दोन भाग उलट्या क्रमाने आहेत. गुरु ग्रंथ साहिब १४३० पानांचा, हा एकच चौकोन नीट बसला म्हणून मी खुश, तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, पान नाही म्हणत, अंग म्हणतात, आणि तो ग्रंथ नाही नुसता, गुरू आहे, तुझ्या संस्थापकाच्या कॉलमपासून सुरुवात कर.

सरांना शीट दाखवली. ते हसले नाहीत हे त्यांचे उपकार. म्हणाले तुझे कॉलम कुठून आले ते बघ. बघितलं तर खरंच, संस्थापक, एक पुस्तक, एक देव, आठवड्याला जमायची एक जागा, हे सगळे प्रश्न एका विशिष्ट प्रकारच्या धर्माला विचारायचे प्रश्न आहेत, मी ते सगळ्यांना विचारत होते आणि ज्यांच्याकडे उत्तर नाही ते मला अपूर्ण वाटत होते.

मग सहा आठवडे आम्ही फक्त "धर्म म्हणजे काय" यावरच. १८७१ मध्ये टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने केलेली व्याख्या, अलौकिक जीवांवरचा विश्वास म्हणजे धर्म. आटोपशीर आहे पण बौद्ध धर्माजवळ अडखळते, आणि नेमका तोच आक्षेप घेऊन समाजशास्त्रज्ञ डर्काइमने १९१२ मध्ये पवित्र आणि लौकिक अशी विभागणी मांडली. त्यालाही फाटे फुटतातच. आपल्या भाषेतून बघितलं तर अजून गंमत. आपण रिलिजनला धर्म म्हणतो, पण राजधर्म, पुत्रधर्म यात रिलिजन कुठे आहे, आणि शाळेत आपण पदार्थांचे गुणधर्म शिकलो ते काय होतं? जपानीत रिलिजनसाठी आज जो "शूक्यो" शब्द आहे तोही या अर्थाने एकोणिसाव्या शतकात, पाश्चात्य देशांशी तह करताना भाषांतराची गरज पडली तेव्हा रुळला. म्हणजे शब्द नव्हता तेव्हा ती माणसं काय करत होती? तेच करत होती. फक्त त्याला वेगळा कप्पा नव्हता.

या टप्प्यावर मला दोनदा कोर्स सोडावासा वाटला. ऑफिसात कामाचा ढीग, इकडे दर पंधरा दिवसांनी अडीच हजार शब्दांचा निबंध, आणि वाचून वाचून काहीच हाती लागत नाहीये असं वाटायचं. ज्यांना असं होईल त्यांना सांगते, पहिल्या सेमिस्टरला ते सगळ्यांनाच होतं, आमचे बँकवाले काका तर लायब्ररीत डोळे मिटून बसलेले असायचे. मी तरले ते निनियन स्मार्टच्या सात परिमाणांमुळे. हा माणूस १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात धर्म-अभ्यासाचा विभाग सुरू करणारा. त्याने धर्माकडे बघायला विधी, कथा, अनुभव, सिद्धांत, नीती-नियम, समाज आणि वस्तू-वास्तू अशा सात बाजू सांगितल्या. प्रत्येक धर्मात सातही सारख्या ठळक असल्या पाहिजेत असं नाही, कुठे विधी भरभक्कम आणि सिद्धांत पातळ, कुठे उलट. मी शीटचे जुने कॉलम उडवले आणि हे सात टाकले. परफेक्ट नाही, पण निदान रिकामा चौकोन आता दोष वाटेना.

दुसरी सेमिस्टर मिथकांची, २०२३ च्या जानेवारीपासून. यासाठीच तर आले होते. इथे एक गोष्ट आधी सांगून ठेवते, मिथक म्हणजे खोटं असा अर्थ डोक्यातून काढायला महिना लागतो. एखाद्या समाजाने आपलं जग, आपले नियम, आपली भीती समजून घ्यायला सांगितलेली कथा, एवढाच अर्थ धरायचा आणि ती घडली का हा प्रश्न दाराबाहेर चपलांजवळ ठेवून आत यायचं.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, गिल्गमेशच्या महाकाव्याची अकरावी पाटी मी या काळात किती वेळा वाचली असेल. महापुराची गोष्ट आहे त्यात. तिथल्याच निनेवे शहरात असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयात सापडलेल्या मातीच्या पाट्यांचे तुकडे ब्रिटिश म्युझियममध्ये पडून होते आणि त्यातली पुराची गोष्ट १८७२ मध्ये ओळखली जॉर्ज स्मिथने. हा गडी विद्यापीठात शिकलेला नव्हता, बँकेच्या नोटांचे ठसे कोरायचं काम करायचा आणि जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन पाट्या बघत बसायचा. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. गोष्ट वाचल्यावर तो आनंदाच्या भरात खोलीत धावत सुटला आणि अंगावरचे कपडे काढायला लागला असं सांगतात. मी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये जिन्यात बसून त्याच पाटीचं भाषांतर वाचायचे, कपडे शाबूत ठेवून.

मग निबंध आला, पुराच्या कथांची तुलना करा. मी तर हातच चोळले. गिल्गमेशमधला उत्नपिश्तिम, बायबलमधला नोहा, मनू, ग्रीकांचा ड्यूकेलियन, सगळ्यांच्या होड्या, सगळे वाचलेले, सगळ्यांनी नंतर देवाला काही ना काही अर्पण केलेलं, आणि शेवट केला, यावरून दिसते की मानवाचे मन एकच आहे. सी ग्रेड. शेरा होता, "साम्य कोणालाही दिसतं. फरक शोध, मग भेट."

चिडले होते मी, खोटं कशाला बोलू. पण पुन्हा लिहायची एक संधी असते, तीन आठवड्यांत, वेगळी फी नाही, फक्त एक फॉर्म भरायचा असतो आणि तो फॉर्म असतो हेच बहुतेकांना माहीत नसतं. तर पुन्हा वाचायला घेतलं, आणि यावेळी एकच प्रश्न धरला, पूर का आला? बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात माणसं दुष्ट झाली, पृथ्वी हिंसेने भरली म्हणून. अत्राहसिसच्या बॅबिलोनी कथेत माणसांची संख्या वाढून गोंगाट झाला आणि एन्लिल देवाला झोप लागेना म्हणून, आधी रोगराई, मग दुष्काळ, तरी गप्प बसेनात तेव्हा पूर. आणि शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या कथेत? कारणच नाही! हात धुवायच्या पाण्यात छोटा मासा येतो, म्हणतो मला सांभाळ मी तुला वाचवीन, पूर येणार आहे. बस. कोणाचं पाप नाही, शिक्षा नाही, देवाचा राग नाही. कथेचा सगळा जीव नंतरच्या भागात आहे, मनू एकटा उरतो, तो पाण्यात तूप-दही वगैरे अर्पण करतो आणि त्यातून इडा नावाची स्त्री उभी राहते. म्हणजे ही कथा पुराबद्दल आहे का यज्ञाबद्दल? यज्ञाचं पुस्तक आहे ते, तिथे ती कथा आहेच मुळी इडा नावाचा विधी समजावायला. आणि गिल्गमेशमध्ये पूर ओसरल्यावर उत्नपिश्तिम होम करतो तेव्हा देव त्यावर माशांसारखे घोंगावत येतात, उपाशी बिचारे. बायबलमध्ये असं वाक्य कोणी लिहू धजेल का. एकच होडी, एकच पाणी, पण तीन ठिकाणी देव आणि माणसाचं नातं पूर्ण वेगळं. बी प्लस मिळाली, आणि त्या दिवसापासून मला या विषयाचा खरा नाद लागला.

उलट बाजूही असते म्हणा. काही साम्यं खरोखरच नात्यातली असतात. वेदातला द्यौस् पितर, ग्रीकांचा झ्यूस पातेर आणि रोमनांचा ज्युपिटर, हे भाषाशास्त्राने सिद्ध होणारं एकाच घरातलं नाव आहे. आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात अहुर पूज्य तर दएव दुष्ट, आपल्याकडे नंतरच्या साहित्यात बरोबर उलटं, देव चांगले आणि असुर वाईट, पण ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणालाही असुर म्हटलंय आणि ते आदरानेच. हे वाचलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना जेवताना सांगत सुटले, कोणी ऐकलं नाही.

अजून एक कॉलम मी शीटमध्ये तेव्हाच वाढवला, "कोणी लिहून ठेवलं". उत्तर युरोपातल्या ओडिन-थॉरच्या कथा आपण ज्या पुस्तकांतून वाचतो त्यातलं महत्त्वाचं पुस्तक स्नोरी स्टुर्लुसनने साधारण १२२० च्या सुमारास लिहिलं, आणि आइसलंड ख्रिस्ती झालं होतं इसवी सन १००० च्या आसपास. म्हणजे दोनशे वर्षांनी, ख्रिस्ती माणसाने. मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पोपोल वूह या कथाग्रंथाची आज हातात असलेली सगळ्यात जुनी प्रत अठराव्या शतकाच्या सुरुवातीची आणि ती डॉमिनिकन या कॅथलिक संघातल्या एका पाद्र्याने उतरवलेली. एखाद्या घराचा हिशोब शेजाऱ्याच्या वहीत सापडावा तसं आहे हे, आकडे खरे असतीलही, पण वही कोणाची ते बघायलाच पाहिजे.

परीक्षा मेमध्ये झाली, तीन तासांचा पेपर, निकाल सत्तर दिवसांनी. एका विषयात मार्क चढवायचेच राहून गेले होते आणि मला गैरहजर दाखवलं होतं. उत्तरपत्रिकेवरचा बारकोड नंबर मी लिहून ठेवला होता म्हणून सुटले. प्रत्येक पेपरला हा नंबर मोबाईलमध्ये नाही, हॉल तिकिटाच्या मागे लिहायचा. दुरुस्तीला अजून अठरा दिवस लागले, त्या काळात मी कोणाशी नीट बोलतही नव्हते.

तिसरी सेमिस्टर, भारतीय उपखंडातले धर्म. मला वाटलं हा पेपर म्हणजे आपल्या घरचंच कार्य. सगळ्यात कमी मार्क यातच पडले. पहिल्या निबंधात सरांनी माझा "आपल्याकडे" हा शब्द अकरा ठिकाणी अधोरेखित केला होता आणि प्रत्येक ठिकाणी फक्त एक प्रश्न, "आपल्या म्हणजे कोणाच्या?" कोणत्या जातीच्या, कोणत्या प्रदेशाच्या, बाईच्या का पुरुषाच्या, कोणत्या शतकातल्या? (वर मी एकदा लिहिलंय, बघा, सवय जात नाही.) दुसऱ्याच्या धर्माबद्दल लिहिताना मी पुस्तक उघडायचे, स्वतःच्या धर्माबद्दल लिहिताना आठवणीतून लिहायचे, आणि आठवण म्हणजे माझ्या एका घरात पंचवीस वर्षांपूर्वी काय चालायचं ते. ते मी अख्ख्या परंपरेच्या नावावर खपवत होते.

आणि मग महाभारत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ लावून चिकित्सित आवृत्ती काढली, हजाराहून जास्त हस्तलिखितं पडताळून, हे मला ऐकून माहीत होतं. पण गणपतीने व्यासांचा लेखनिक होऊन महाभारत उतरवलं ही जी गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली, ती त्या आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे, हे वाचल्यावर मला का कोण जाणे फार लागलं. पुस्तक मिटून ठेवलं. म्हणजे मागच्या सेमिस्टरला दुसऱ्यांच्या ग्रंथांचे थर मोजताना मजा येत होती ना? तेव्हा वर्गातला तो पाद्री होणारा मुलगा एका तासानंतर बराच वेळ कॉरिडॉरमध्ये एकटा उभा होता आणि मी त्याला ओलांडून चहाला गेले होते, ते आता आठवलं. दुसऱ्या शनिवारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्याने मला सांगितलं की तो हे कसं झेपवतो, वर्गात येताना श्रद्धा कंसात ठेवायची, पुसायची नाही. कंस हा शब्द सरांनीही शिकवला होता फिनॉमेनॉलॉजीत, म्हणजे स्वतःचं मत बाजूला ठेवून समोरच्याचा अनुभव जसा आहे तसा बघायच्या पद्धतीत, पण तेव्हा तो नुसता परीक्षेचा मुद्दा होता. आणि हो, नंतर जोडलेली म्हणजे बनावट असं नाही हेही त्यानेच समजावलं, लोकांना ती गोष्ट जोडाविशी का वाटली तिथे अभ्यास सुरू होतो.

चौथी सेमिस्टर फील्डवर्क आणि प्रबंध. स्वतःचा नसलेला धर्म-समुदाय निवडायचा, किमान वीस तास निरीक्षण, तीन मुलाखती, पंधरा हजार शब्द. मी क्वेकर निवडले, सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेला ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात सगळीकडे नाही पण बऱ्याच ठिकाणी शांत सभा असते, पाद्री नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही, सगळे गोल करून गप्प बसतात, कोणाला आतून बोलावंसं वाटलं तर उठून दोन वाक्यं बोलतो, नाहीतर तासभर शांतता आणि शेवटी एकमेकांशी हात मिळवायचे. माझ्या जुन्या शीटमध्ये तर यांची अख्खी ओळ रिकामी गेली असती, म्हणूनच निवडले.

पण त्याआधी नैतिक परवानगीचा फॉर्म. माणसांवर अभ्यास करायचा तर कॉलेजच्या समितीची परवानगी लागते, ती मिळाल्याशिवाय एकही मुलाखत घेतली तर ती प्रबंधात वापरता येत नाही. माझा अर्ज दोनदा परत आला. पहिल्यांदा कारण, रेकॉर्डिंग कुठे ठेवणार आणि कधी नष्ट करणार ते लिहिलं नाही. दुसऱ्यांदा कारण, सभेत लहान मुलं असू शकतात त्याचं काय. एकूण सात आठवडे गेले. समितीची बैठक महिन्यातून एकदाच असते, त्यामुळे एक त्रुटी म्हणजे एक महिना. तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाल्या झाल्या हा अर्ज टाका, विषय पूर्ण ठरला नसला तरी.

पहिल्या सभेला गेले आणि वही काढून बसले. तासाभराच्या नोंदी अशा, "१०:०४ शांत. १०:११ एकाला खोकला. १०:२६ खुर्ची वाजली. १०:४० एक आजी उठल्या, म्हणाल्या बागेतलं झाड या वर्षी उशिरा फुललं, बसल्या." संपलं. घरी येऊन रडायची पाळी, यावर पंधरा हजार शब्द? मार्गदर्शक मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या वही घेऊन जाऊच नकोस, त्यांच्यासारखी बस आणि बाहेर येऊन लिही. पुढच्या वेळी बसले. पहिली वीस मिनिटं मनातल्या मनात ऑफिसची कामं केली. मग कधीतरी जाणवलं की या खोलीतली शांतता बँकेच्या रांगेतल्या शांततेसारखी नाही, सगळे मिळून ती धरून ठेवतायत, कोणी उठून बोललं की त्यानंतर थोडा वेळ मुद्दाम कोणी बोलत नाही, आधीच्याचं बोलणं मुरायला जागा देतात. नियम कुठेच लिहिलेला नाही पण आहे. माझा एक प्रकरणभर मजकूर त्यातून निघाला.

तीन मुलाखतींपैकी एका व्यक्तीने रेकॉर्डिंग झाल्यावर दहा दिवसांनी संमती मागे घेतली. तो त्यांचा हक्क असतो, संमतीपत्रात मीच लिहिलेलं. फाइल डिलीट केली, चौथी व्यक्ती शोधण्यात दोन आठवडे गेले. म्हणून तीन लागतात तर पाच जणांना विचारून ठेवावं.

प्रबंध लिहिण्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं तेच असतं, रात्री आणि रविवार. एक मात्र, साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने माझा प्रबंध ३४ टक्के उचललेला दाखवला आणि माझ्या पोटात गोळा आला. कॉलेजची मर्यादा १५ ची. नीट बघितलं तर ग्रंथांतले उतारे आणि संदर्भसूची पण त्यात मोजली होती. ते वगळून पुन्हा रिपोर्ट काढता येतो, लायब्ररीच्या ऑफिसात सांगावं लागतं, आपणहून ते करत नाहीत. ते वगळल्यावर ९ टक्के आला. आणि धर्मग्रंथाचा संदर्भ देताना पान क्रमांक देऊ नका, अध्याय-श्लोक किंवा पाटी-ओळ द्या, भाषांतर बदललं की पान बदलतं. माझे असे साठेक संदर्भ शेवटच्या आठवड्यात बदलावे लागले.

व्हायव्हा पंचवीस मिनिटांची. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, तुमच्या शीर्षकात "मौन" आहे, हा शब्द त्यांचा का तुमचा? मी दोन सेकंद गप्प. मग सांगितलं, माझा आहे, ते "वाट बघणं" म्हणतात, आणि मौन म्हटल्याबरोबर माझ्या मनात व्रत येतं जे त्यांच्या मनात येत नाही, हे मला तिसऱ्या प्रकरणात पोचल्यावर लक्षात आलं आणि शीर्षक तोपर्यंत नोंदवून झालं होतं, बदलायला वेगळा फॉर्म आणि तीन आठवडे लागणार होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या हेच प्रस्तावनेत का नाही लिहिलं? छोट्या दुरुस्त्यांसह मान्य असा शेरा मिळाला. दुरुस्ती म्हणजे हाच परिच्छेद.

निकाल कळल्यावर नणंदेचा फोन आला. अभिनंदन केलं आणि मग हळूच म्हणाली, "वहिनी, मग खरा कोणता निघाला?" मी म्हटलं, तू कधी येतेस, निवांत बसून सांगते. ती म्हणाली म्हणजे तुलाही माहीत नाही.

प्रमाणपत्र परवा आलं. त्यावर माझं लग्नाआधीचं नाव छापलंय. दुरुस्तीच्या अर्जाला तेच प्रतिज्ञापत्र, त्याचीच साक्षांकित प्रत, आणि पंचेचाळीस दिवस. जुनी फाइल टाकून दिली नव्हती ते बरं झालं.